पवई तलावावर मुलांसोबत गळ टाकायचा आहे

प्रश्न: मुलं ८ आणि ११ वर्षांची. साधी काठी पुरेल का? आमिष कोणतं घ्यावं?

गरवणारा: आधी परवानगी. काठावरच महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे, तिथे विचारूनच बसा. फिरायच्या वाटेवरून गळ फेकू नका, मागून जाणाऱ्याला लागतो. मुलांना चिलापीच (तिलापिया मासा) बरी. ७-८ फुटी बांबू, तेवढाच तंगूस (नायलॉनचा दोरा), १० नंबरचा गळ, मोरपिसाच्या काडीचा तरंगा. शिसं गळाच्या वीतभर वर, तरंग्याचं फक्त टोक दिसेल इतकं. कमी पडलं तर तरंगा आडवा लोळतो, चावा कळतच नाही.

तळ्याकाठी: आमिषाला दोन वाट्या कणीक, अर्धी वाटी शेंगदाणा पेंड. पाणी चमच्या-चमच्याने घालून घट्ट मळा. सैल कणीक फेकतानाच सुटते. गोळी मुगाएवढी. मोठी केली की चिलापी कडेकडेने कुरतडून जाते, गळ तोंडात जातच नाही. गांडूळ असेल तर अर्धा इंच, शेपूट लोंबू नये. जलपर्णीत टाकू नका, तिच्या कडेपासून दोन हात लांब टाका.

पाणकोंबडी: ताई, पवईत मगरी आहेत, हे सगळ्यात आधी. पोरांचे पाय पाण्यात नकोत, मासे काठावर साफ करू नका, अंधाराआधी उठा. घरूनच गळाचा उलटा काटा पकडीने दाबून न्या. बोटात रुतला तरी सरळ निघतो. चिलापी धरताना पाठीवरचे काटे मागे दाबत ओला हात डोक्याकडून शेपटीकडे न्या.

प्रश्नकर्ती: पेंड ताजीच हवी का?

तळ्याकाठी: हो. खवट पेंडीला मासा तोंड लावत नाही.