मदत हवी आहे: लिंगाला मार लागल्यावर गाठ आणि बाक, हा पेरोनीज (लिंगाच्या आवरणात कडक पट्टा तयार होऊन बाक येण्याचा आजार) असू शकेल का?

आडवाट
जाणकारांनी सांगावं. शक्य तेवढं नेमकं लिहितो.

वय 36. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू काही नाही. सात आठवड्यांपूर्वी संबंधाच्या वेळी, जोडीदार वर असताना, लिंग निसटून तिच्या हाडावर आपटलं आणि वाकलं. मोडल्यासारखा आवाज आला नाही. ताठरता लगेच गेली नाही, पाच-दहा मिनिटांत उतरली. दुसऱ्या दिवशी वरच्या अंगाला रुपयाएवढा काळानिळा डाग होता, तो दहा दिवसांत गेला. लघवीत रक्त नाही, धार नेहमीसारखी.

आज स्थिती अशी: मध्यभागी, वरच्या बाजूला, हरभऱ्याच्या डाळीएवढी चपटी घट्ट गाठ बोटाला लागते. ताठ झाल्यावर तिथेच दुखतं. वरच्या दिशेला बाक आलाय, जो आधी नव्हता. अंदाजे 20 अंश. ताठरता ठीक आहे.

प्रश्न: हा पेरोनीज आहे की मुका मार अजून भरतोय? कोणाकडे जायचं? व्हिटॅमिन ई घेऊ का? ओढण्याचं यंत्र वापरू का? एका मित्राने सांड्याच्या तेलाने मालिश सुचवलंय.

सुईदोरा
आधी तातडीचं, कारण हा धागा पुढे कोणीतरी पहिल्याच रात्री उघडणार आहे. काडकन आवाज, त्याच क्षणी ताठरता गळून पडणं, लिंग सुजून वांग्यासारखं जांभळं आणि एका बाजूला कलणं: हा लिंगाचा फ्रॅक्चर. हाड नसलं तरी शब्द तोच वापरतात. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जायचं आणि फाटलेलं आवरण शिवून घ्यायचं. लघवीच्या तोंडाशी रक्त दिसलं किंवा लघवी होईना, तर मूत्रनलिकाही फाटलेली असू शकते. 'सकाळी बघू' म्हणून बर्फ लावून झोपणारेच पुढे बाक घेऊन येतात.

तुमच्या वर्णनात यातलं काही नाही. म्हणजे फ्रॅक्चरची शक्यता कमी, पण शून्य नाही. लहानशी चीर गप्प राहू शकते.

आता गाठीकडे. ताठरतेचं रक्त ज्या दोन नळ्यांत साठतं त्यांच्याभोवती ट्युनिका अल्बुजिनिया नावाचं चिवट आवरण असतं. शिथिल अवस्थेत ते साधारण 2 मिलिमीटर जाड असतं आणि ताठ झाल्यावर ताणून अर्ध्या मिलिमीटरच्या आत येतं. वाकल्यावर याच आवरणाचे थर एकमेकांपासून सुटतात, मध्ये थोडं रक्त झिरपतं, फायब्रिन (रक्त गोठताना होणारे तंतू) साचतं. बहुतेकांत ते विरघळून जातं. काहींत दुरुस्ती थांबतच नाही, कोलॅजन (चिवट तंतू) रचत राहतं आणि लवचीक कापडाला लावलेल्या कडक ठिगळासारखा पट्टा तयार होतो. हवा भरताना फुग्याला एका बाजूने चिकटपट्टी लावली तर फुगा त्याच बाजूला वळतो. पट्टा वर, म्हणून बाकही वर. तुमची गाठ आणि तुमचा बाक एकाच बाजूला आहेत, ही गोष्ट पेरोनीजच्या बाजूने जाते.

पण सातव्या आठवड्याला छातीठोकपणे नाव देता येत नाही. भरत आलेली रक्ताची गाठसुद्धा असाच बाक देते आणि दोन-तीन महिन्यांत मऊ पडते. दुसरा नकलाकार म्हणजे वरच्या बाजूच्या शिरेत रक्त गोठणं, ज्याला माँडॉर म्हणतात. ती गाठ डाळीसारखी नसते. सुतळीसारखी लांब, कातडीखाली लागते आणि बहुधा सहा-आठ आठवड्यांत विरते. शिवाय दोन नळ्यांमधला पडदा आणि टोकाच्या मागची कड या निसर्गाच्याच गोष्टी आहेत. घाबरलेला माणूस त्यांना गाठ समजून दिवसातून दहा वेळा चाचपतो, आणि चाचपूनच दुखवतो. आठवड्यातून एकदा पुरे.

जन्मजात बाक वेगळा: तो वयात येतानाच दिसतो, बहुधा खाली वळतो, गाठ नसते, दुखत नाही. तुमचं तसं नाही.

तिसरा मजला
सोनोग्राफीबद्दल, कारण इथे लोकांचे पैसे वाया जातात. शिथिल अवस्थेत केलेली साधी सोनोग्राफी गाठ आणि तिच्यातला चुना (साचलेलं कॅल्शियम) दाखवू शकते, पण बाकाबद्दल काहीच सांगत नाही. छोट्या चिवट पट्ट्यात चुना नसेल तर अहवाल 'नॉर्मल' येतो आणि पेशंट निश्चिंत होऊन सहा महिने घालवतो. चिठ्ठीवर 'इंजेक्शन देऊन पेनाइल डॉपलर' असं स्पष्ट असावं. लिंगाच्या बाजूला बारीक सुईने पॅपाव्हेरिन किंवा अल्प्रोस्टॅडिल देतात, काही मिनिटांत ताठरता येते, मग कोन मोजतात आणि रक्ताचा वेग बघतात. पीएसव्ही म्हणजे आत येणाऱ्या रक्ताचा वेग. तो सेकंदाला 30 सेंटिमीटरच्या वर असेल तर चांगला, 25 च्या खाली असेल तर धमनी कमी पडतेय. ईडीव्ही म्हणजे दोन ठोक्यांच्या मध्ये उरणारा वेग. तो 5 च्या वर राहिला तर रक्त टिकत नाही, गळतंय. पण घाबरलेल्या माणसात ताठरता पुरती येत नाही आणि आकडे खोटे खराब येतात. खोलीत गर्दी नको म्हणून आधीच सांगा, तो तुमचा हक्क आहे.

घरी जाताना एक सूचना लक्षात ठेवा: इंजेक्शननंतर ताठरता चार तास उतरली नाही तर थेट अपघात विभाग. 'लाज वाटली म्हणून थांबलो' याची किंमत कायमची नपुंसकता असू शकते.

ही तपासणी पहिल्याच भेटीत सगळ्यांना लागते असंही नाही. इंजेक्शनचा किंवा शस्त्रक्रियेचा उपचार ठरवण्याआधी मात्र लागते.

सुईदोरा
बरोबर. तोवर घरच्या घरी करण्यासारखं सगळ्यात उपयोगी काम फोटो. महिन्यातून एकदा, पूर्ण ताठ अवस्थेत, तीन बाजूंनी: वरून, डावीकडून, समोरून. अर्धवट ताठरतेत बाक कमी दिसतो. मोबाइल अर्धा मीटर लांब, लिंगाच्याच उंचीवर आणि काटकोनात धरा. जवळून काढलेल्या फोटोत टोक मोठं येतं आणि कोन बिघडतो.

मोजायला शाळेच्या कंपास पेटीतला कोनमापक चालतो. बुडाच्या सरळ भागातून एक रेघ काढून ती पुढे वाढवायची, टोकाकडच्या भागातून दुसरी. वाढवलेली रेघ आणि दुसरी रेघ यांच्यातला कोन म्हणजे बाक. इथे हमखास चूक होते. लोक आतला कोन वाचतात, 150 आकडा बघून हादरतात. तो 180 मधून वजा करायचा, बाक 30. सोबत लांबीही लिहा: शिथिल लिंग हलकं ताणून, पट्टी वरच्या बाजूने ओटीपोटाखालच्या हाडाला टेकवून, टोकापर्यंत. पुढे कुठलाही उपचार झाला आणि 'लांबी कमी झाली' असा वाद निघाला, तर हा आजचा आकडाच कामाला येतो.

आणि फोनचं आपोआप बॅकअप आधी बंद करा. घरच्या टीव्हीवर फोटोंचा स्लाइड शो लागतो हे लोकांना फार उशिरा आठवतं.

औषधपेटी
औषधांच्या बाजूचं. काउंटरवर सर्वात जास्त मागितली जाते ती व्हिटॅमिन ईची हिरवी कॅप्सूल. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या 2015 च्या मार्गदर्शिकेत व्हिटॅमिन ई, टॅमॉक्सिफेन, ओमेगा-3 आणि व्हिटॅमिन ई सोबत एल-कार्निटिन हे सगळं 'देऊ नये' या रकान्यात आहे. कॅप्सूल घेतल्याने आकाश कोसळणार नाही, पण तिच्या भरवशावर थांबणं महागात पडतं. टॅमॉक्सिफेन मात्र स्वतःच्या मनाने अजिबात नको, त्याने शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. पेन्टॉक्सिफायलिन काही डॉक्टर देतात. पुरावा तोकडा आहे, आणि रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आधी सांगायचं.

दुखण्यासाठी इबुप्रोफेनसारखी गोळी चालते. जेवणानंतर, थोडे दिवस, आणि ॲसिडिटीचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर विचारूनच. शॉकवेव्हची जाहिरात खूप होते. त्याने दुखणं कमी होऊ शकतं, बाक सरळ होत नाही. 'बारा सेशनमध्ये सरळ' असं पॅकेज कोणी विकत असेल तर तिथून उठा.

ताठरतेसाठी टॅडालाफिल, सिल्डेनाफिल डॉक्टर लिहून देतात. ज्यांच्या खिशात छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी असते, त्यांना ही औषधं चालत नाहीत. रक्तदाब धाडकन कोसळतो. तुमचं वय पाहता लागू नसेल, पण हा धागा वडीलधारेही वाचतील.

सांड्याचं तेल: सांडा हा वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली संरक्षित सरडा. बाटलीत तो नसतोच बहुधा, असला तर गुन्हा. मालिशने आतला पट्टा विरघळत नाही, उलट भरत आलेला भाग रोज नव्याने दुखावतो.

आडवाट
खूप आभार. दोन शंका. यंत्राचं काय? आणि 'आत्ता ऑपरेशन करून टाकू, बाक वाढायच्या आत' असं एका ठिकाणी सुचवलं गेलं.

सुईदोरा
आत्ता ऑपरेशन नाही. या आजाराचे दोन टप्पे असतात. पहिला सक्रिय: दुखतं, बाक बदलत राहतो, हा बारा ते अठरा महिन्यांपर्यंत चालू शकतो. दुसरा स्थिर: दुखणं थांबलेलं आणि बाक निदान तीन-सहा महिने जसाच्या तसा. चालू असलेल्या आगीवर टाके घातले तर पुढच्या वर्षी बाक नव्या जागी येतो. दुखणं बहुतेकांचं आपोआप जातं, बाकाचं तसं नाही. आपोआप सुधारणारे थोडे, बाकीच्यांत तो तसाच राहतो किंवा वाढतो. म्हणून वाट बघायची ती महिन्याचा फोटो हातात घेऊन.

ओढण्याचं यंत्र अगदी टाकाऊ नाही. जुन्या पद्धतीची यंत्रं दिवसातून तीन ते आठ तास लावावी लागतात, त्यामुळे बहुतेक जण महिन्याभरात कंटाळतात. उलट्या बाजूला वाकवण्याची सोय असलेल्या नव्या यंत्रात अर्धा-अर्धा तास एकदा-दोनदा असं सत्र असतं. पण सातव्या आठवड्याला, आत चीर उरली नाही हे तपासून झाल्यावरच. ताण हळूहळू वाढवायचा. टोक निळसर किंवा गार पडलं, मुंग्या आल्या की लगेच काढायचं. झोपताना कधीच नाही. हाताने जोर लावून 'सरळ करून बघणं' हा उपचार नव्हे, तो दुसरा अपघात.

पुढे बाक 30 अंशांच्या वर स्थिर राहिला तर इंजेक्शनचा विचार होतो. कोलॅजिनेज (कोलॅजन विरघळवणारं औषध) थेट पट्ट्यात देतात: एका फेरीत एक ते तीन दिवसांच्या अंतराने दोन इंजेक्शनं, फेऱ्यांत सुमारे सहा आठवडे, जास्तीत जास्त चार फेऱ्या. अमेरिकेत या आजारासाठी त्याला 2013 मध्ये मान्यता मिळाली. चाचण्यांत बाक सरासरी एक तृतीयांश कमी झाला. म्हणजे 45 चा 30, शून्य नव्हे. हे आधीच समजून घ्या. खालच्या बाजूच्या पट्ट्याला ते देत नाहीत, चुना जमलेल्या पट्ट्यावर फारसं चालत नाही, आणि नंतर चार आठवडे संबंध बंद, कारण मऊ पडलेलं आवरण फाटू शकतं. व्हेरापामिल, इंटरफेरॉन हे दुसरे पर्याय. त्यांचा पुरावा कमी पक्का.

शस्त्रक्रिया स्थिर टप्प्यात आणि संबंध अडत असेल तरच. बाक 60 अंशांच्या आत आणि ताठरता चांगली असेल तर पट्ट्याच्या विरुद्ध बाजूला चुण्या घालून टाके घेतात. शिंपी पँटची लांब बाजू आत घेतो तसं: लिंग सरळ होतं, थोडी लांबी जाते. त्याहून मोठा बाक किंवा मध्ये डमरूसारखी अरुंद जागा असेल तर पट्टा कापून ठिगळ लावतात. लांबी वाचते, पण ताठरता आणि संवेदना कमी होण्याचा धोका वाढतो. औषधांनाही दाद न देणारी ताठरतेची अडचण असेल तर इम्प्लांट (लिंगात बसवायचं कृत्रिम साधन). तुमचा आकडा 20 असताना यातल्या कशाचीच चर्चा आज करायची गरज नाही. कित्येकांना 20-30 अंशांनी संबंधात अडचण येतच नाही.

तिसरा मजला
कोणाकडे जायचं ते राहिलंच. पाटीवर 'गुप्तरोग तज्ज्ञ' बघू नका, पदवी बघा: एम.सीएच. किंवा डी.एन.बी. युरॉलॉजी. मुंबईत केईएम, सायन, नायर इथे युरॉलॉजीची ओपीडी आहे, केसपेपर काढून जाता येतं. तक्रारीच्या रकान्यात 'लिंगाला मार, गाठ, बाक' एवढंच सांगा. खिडकीवर जास्त बोलायची गरज नाही.

सुईदोरा
डॉक्टरांना तळहातही दाखवा. करंगळी-अनामिकेच्या मुळाशी दोरीसारखी गाठ असेल (ड्युप्युट्रान), तर दोन्ही आजार एकत्र येतात आणि निदानाला बळ मिळतं. साखरेसाठी एचबीए1सी करून घ्या, छत्तिशीत लपलेला मधुमेह सापडतो. नाव पेरोनीचं पडलं कारण पंधराव्या लुईच्या या शल्यविशारदाने 1743 मध्ये हे वर्णन केलं. लुईंच्या दरबारातही लोक हे लपवतच असणार.

तोवर ताठ अवस्थेत दुखतंय तेवढे दिवस संबंध आणि हस्तमैथुन थांबवा. झोपेत येणारी ताठरता थांबवता येत नाही, तिची काळजी करू नका. पुन्हा सुरू कराल तेव्हा पुरेसं वंगण वापरा, आणि जोडीदार वर ही स्थिती काही महिने नको. निसटलं की दोघांनी थांबायचं, हे आधी ठरवून ठेवा. 'पुन्हा आत' करायच्या घाईत मोडतोड होऊ शकते.

आडवाट
सोमवारी ओपीडीला जातोय. फोटो छापून नेऊ का?

तिसरा मजला
फोनमध्ये चालतील, वेगळ्या फोल्डरमध्ये. एका कागदावर लिहून न्या: मार लागल्याची तारीख, आवाज आला की नाही, ताठरता किती वेळात उतरली, बाकाचा कोन आणि तो मोजल्याची तारीख, ताणलेली लांबी, चालू गोळ्या. सैल चड्डी घाला. आणि उपाशी जायची गरज नाही, नाश्ता करून जा. इंजेक्शनची तपासणी त्याच दिवशी निघाली तर रिकाम्या पोटी चक्कर येऊ शकते.