शेवंतीला अंधार हवा, पण तो सलग

शेवंतीला कळ्या धरायच्या असतील तर रोज संध्याकाळी ५ ला रोपावर काळं कापड टाकायचं आणि सकाळी काढायचं, असा एक सल्ला असतो. चूक नाही, पण हा उद्योग युरोपातल्या उन्हाळ्यासाठी, तिथे दिवस १६-१६ तास चालतो. आपल्याकडे पुण्यात जूनमधला सगळ्यात मोठा दिवसच जेमतेम सव्वातेरा तासांचा. म्हणून इथले पॉलिहाउसवाले (प्लास्टिकच्या आच्छादनाखाली फुलं घेणारे) उलटंच करतात, रोपं लहान असताना मध्यरात्री काही तास बल्ब लावतात, नाहीतर दांडा वीतभर वाढतोय तोवर कळी येऊन मोकळी. रोपाला दिवस किती मोठा याच्याशी तसं घेणंदेणं नाही, रात्र सलग किती मिळाली हे ते मोजतं; लांब सलग रात्र मिळाली की कळ्या धरतं, मधे उजेड पडला की नुसतं वाढत राहतं.

माझा घोळ सांगते. पॅसेजच्या ट्यूबलाइटखाली दोन कुंड्या होत्या, ती ट्यूब रात्रभर चालू. ऑक्टोबर संपत आला तरी नुसता पाला, मी आपली शेणखत घालतेय, पोटॅश घालतेय. रात्री अंधार असणाऱ्या मागच्या गॅलरीतली त्याच रोपाची फुटवं मात्र कळ्यांनी भरलेली! मग एक कुंडी मागे नेली, तीन-साडेतीन आठवड्यांत शेंड्याला मुगाएवढ्या कळ्या, पुढे राहिलेली तशीच ढिम्म. तेव्हा खत वाढवण्याआधी रात्री ११ ला जाऊन बघा कुंडीवर कुठला दिवा पडतोय ते. आणि हो, कापड टाकणारच असाल तर मधे मोबाइलचा टॉर्च मारून कळी आली का बघत बसू नका, पॉइन्सेटिया (नाताळच्या सुमारास लाल पानांनी भरणारं झाड) तर याबाबतीत शेवंतीपेक्षाही नखरेल.