कणकुंबी-आमगाव पट्ट्यातल्या गावाची माहितीपुस्तिका करायची आहे, गावात काय विचारावं?

वाचनकट्टा_बेळगाव

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयातर्फे खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या घाटमाथ्यावरील गावांची एक माहितीपुस्तिका काढायची आहे. सुरुवात कणकुंबी-आमगाव पट्ट्यापासून. घरं किती, शाळा कितवीपर्यंत, देवळं कोणती, ही माहिती पंचायतीत मिळेल. पण तेवढ्यावर गाव कळत नाही. पाऊस, पाणी, शेती, घरं, वाटा यांबद्दल गावकऱ्यांना नेमकं काय विचारावं? आणि बाहेरून गेलेल्या माणसाच्या नोंदी सहसा कुठे चुकतात? या भागाची चांगली माहिती असलेल्यांनी सविस्तर सांगावं.

घाटमाथा

पहिली गोष्ट म्हणजे एकाच फेरीत ही पुस्तिका होणार नाही. जुलैत एकदा आणि एप्रिलच्या शेवटी एकदा, अशा दोन वेळा त्याच घरांत जाऊन तेच प्रश्न विचारा. उत्तरं इतकी वेगळी येतील की दोन्ही शेजारी शेजारी छापावी लागतील.

कारण जमिनीत आहे. कणकुंबी समुद्रसपाटीपासून सुमारे 790 मीटरवर, सह्याद्रीच्या अगदी कडेला आहे. गोव्याकडून येणारे पावसाळी वारे तो कडा चढतात, थंड होतात आणि माथ्यावरच रिकामे होतात. आमगावात 2010 साली दहा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला. बेळगाव शहरात वर्षाला साधारण तेराशे मिलिमीटर पडतो, आणि दोन्हींमधलं अंतर तासा-दीड तासाच्या गाडीप्रवासाचं. त्यामुळे "खानापूर तालुक्याचा सरासरी पाऊस" हा आकडा या गावांसाठी निरुपयोगी आहे. पुस्तिकेत आकडा द्याल तिथे पर्जन्यमापक कोणत्या गावचा आणि वर्ष कोणतं हे लिहाच. चोवीस तासांची नोंद सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ अशी धरतात. तारखा जुळत नाहीत म्हणून होणारे निम्मे घोळ इथेच होतात.

एवढा पाऊस पडून एप्रिलमध्ये टंचाई कशी, हे वाचकाला समजावून सांगावं लागेल. वर जांभ्याचा (लालसर खडकाचा) सडा, म्हणजे उघडा खडकाळ माथा, मातीचा थर पातळ आणि उतार तीव्र. पाणी थांबतच नाही. जांभा सच्छिद्र असल्याने आत मुरलेलं पाणीही उताराला झऱ्यांवाटे लवकर निघून जातं. म्हणून प्रत्येक झऱ्याला तीन प्रश्न विचारा: बारमाही आहे का, नसेल तर कोणत्या महिन्यात आटतो, आणि मे महिन्यात एक कळशी भरायला किती वेळ लागतो. तिसऱ्याचं उत्तर घड्याळ लावून स्वतः मोजा.

पाणलोटाचा नकाशा तर हवाच. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेला सुमारे 304 किलोमीटर वाहत कूडलसंगमला कृष्णेला मिळते. कळसा नाला त्याच परिसरातला, पण त्याचं पाणी पश्चिमेला म्हादईत, म्हणजे गोव्यातल्या मांडवीत जातं. एकाच माळावरचा पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो. कळसा आणि भांडुरा या नाल्यांचं पाणी मलप्रभेत वळवण्यावरून कर्नाटक आणि गोव्यात जो वाद आहे, त्याचं मूळ हेच. म्हादई पाणीवाटप लवादाने ऑगस्ट 2018 मध्ये कर्नाटकाला 13.42 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) पाणी दिलं, त्यातलं 3.9 टीएमसी मलप्रभेच्या खोऱ्यात वळवण्यासाठी. हा वाद लिहाल तेव्हा माथ्यावरच्या गावांना स्वतःला प्यायला पाणी कुठून मिळतं, तेही त्याच पानावर लिहा. वळवलेलं पाणी ज्यांना हवं त्या हुबळी-धारवाडबद्दल सगळे लिहितात. हे कोणी लिहीत नाही आणि त्याची खंत वाटते.

शिवारवाट

शेतीबद्दल सांगतो. "मुख्य पीक भात" एवढं लिहून पुढे जाऊ नका.

खानापूर-बेळगावकडे धूळवाफ पेरणी सर्रास होते. मेअखेरीस वळवाच्या सरी झाल्या की कोरड्या, भुसभुशीत रानात भात पेरून टाकतात. अगदी माथ्यावर हे धोक्याचं असतं. उगवण होण्याआधी मोठा पाऊस लागला तर बी वाहून जातं किंवा चिखलात कुजतं. म्हणून तिथे तरवा (रोपवाटिका) टाकून रोप लावण करावी लागते. रोप 21 ते 25 दिवसांचं असताना लावलं तर फुटवे चांगले येतात. पण पाऊस उघडला नाही की लावण लांबते, रोप महिन्याच्या वर जातं, फुटवे कमी पडतात आणि उत्पन्न तिथेच घटतं. त्यामुळे "लावण कोणत्या आठवड्यात सुरू होते आणि कोणत्या आठवड्यात संपते" हा प्रश्न जातीच्या नावाइतकाच महत्त्वाचा.

खताचंही तसंच. युरिया एकदम फेकला तर बांधावरून वाहणाऱ्या पाण्याबरोबर जातो. पाऊस ओसरलेला बघून, वाफ्याचं तोंड बांधून, तीन हप्त्यांत विभागून द्यावा लागतो. कोकणात युरिया-डीएपीच्या गोळ्या वापरतात. 2.7 ग्रॅमची एक गोळी चार चुडांच्या (एका जागी लावलेल्या रोपांच्या जुडग्यांच्या) मध्ये 7 ते 10 सेंटिमीटर खोल दाबायची. खोल गेलेली गोळी वाहत नाही. अतिपावसाच्या वाफ्यांना ही पद्धत लागू पडते, मात्र चूड ठरावीक अंतरावर, दोरी धरून लावलेले हवेत. दोरी न धरता केलेल्या लावणीत गोळी कुठे दाबायची तेच कळत नाही. गावात कोणी वापरतं का, आणि गोळ्या कुठून आणाव्या लागतात, हे विचारून घ्या.

नाचणी उताराच्या, पाणी न साचणाऱ्या वरकस रानात. तिचीही रोपं लावतात. मुळाशी पाणी तुंबलं की ती पिवळी पडते, म्हणून उताराला आडव्या ओळी आणि मध्ये चर. काजूची झाडं आणि रताळी किती कुटुंबांकडे आहेत ते वेगळं नोंदवा. रोख पैसा बहुधा त्यातूनच येतो, आणि भात घरी खायला लागतं.

नुकसानीचा तक्ता हवा असेल तर महिन्यावार करा. भात पोटरीत आलं (लोंबी बाहेर पडायच्या बेतात असली) की गवे आणि रानडुकरं येतात. त्यासाठी माळा (मचाण) बांधून रात्रभर राखण चालते. एका राखणीला किती माणसं आणि किती रात्री लागतात हे मोजलंत, तर शेतीचा खरा खर्च दिसेल. भरपाईसाठी वन खात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात अर्ज, जमिनीचा उतारा, बँक पासबुकाची प्रत आणि नुकसानीचे फोटो लागतात. पंचनाम्याआधी रान साफ केलं की दावा कमकुवत होतो. दुसरी अडचण म्हणजे उतारा अजून आजोबांच्या नावावर असतो आणि रान कसणारे नातू चार. उताऱ्यावर वारसांची नावं लावलेली नसतील तर पैसे अडकतात. हा प्रश्न जरूर विचारा, पण चारचौघांत विचारू नका.

कौलारू

घरांच्या नोंदीत "कच्ची" आणि "पक्की" असे दोनच रकाने ठेवाल तर काहीच कळणार नाही. मातीच्या भिंतीचं, मंगळुरी कौलांचं नीट राखलेलं घर या पावसात वर्षानुवर्षं टिकतं. कमी उताराचं स्लॅबचं घर मात्र दोन-तीन पावसांत गळू लागतं. कौलांच्या छपराला तीस अंशांच्या आसपास उतार हवा. त्यापेक्षा कमी असला तर वारा पाणी उलटं ढकलतो आणि ते कौलांच्या सांध्यांतून आत येतं. पत्र्याच्या घराला ओलाव्यापेक्षा वाऱ्याचा त्रास जास्त. हुक सैल झाले की कडेचा पत्रा आधी उचलला जातो.

पश्चिमेकडच्या आणि नैर्ऋत्येकडच्या भिंतीवर झड, म्हणजे वाऱ्याबरोबर तिरपा येणारा पाऊस, बसते. मेअखेरीस त्या बाजूला गवताच्या पेंढ्यांचे किंवा झावळ्यांचे आडोसे बांधतात, हल्ली बरेच जण ताडपत्री लावतात. ताडपत्री भिंतीला चिकटून लावली तर आत ओल धरते. भिंत आणि ताडपत्री यांत वीतभर जागा हवी, खालून हवा खेळती हवी. भिंत बाहेरून पडत नाही, पायाशी भिजून बसते. तेव्हा जोतं किती फूट उंच आणि पागोळ्या भिंतीपासून किती लांब पडतात, ही दोन मापं टेप लावून घ्या.

पावसाळ्याची बेगमी हा माझ्या मते पुस्तिकेतला सगळ्यात मोलाचा भाग होईल. पाच माणसांच्या घराला दिवसाला दोन किलो तांदूळ धरला तर जून ते सप्टेंबर सुमारे 240 किलो होतो. रेशनचा तांदूळ मधल्या महिन्यांत कुठून उचलावा लागतो? गावातून की रस्त्याकडच्या मोठ्या गावातून? आणि ते पोतं शेवटचे काही किलोमीटर कोण आणतं? भात आणि नाचणी कणगीत ठेवण्याआधी कडक वाळवतात. जराशी ओल राहिली की श्रावणात बुरशी येते. जळण मेअखेरीपर्यंत आत आलेलं असतं. मीठ, काडेपेटी, बॅटरीचे सेल हवाबंद डब्यात. वीज गेली की दुरुस्तीला माणूस कधी पोहोचतो हे विचारा. झाड पडून तार तुटण्याची जागा बहुतेक दर वर्षी तीच असते. सौर दिव्यांवर भिस्त ठेवावी तर ढगाळ आठवड्यांत पॅनेल जेमतेम चालतं, मोबाइलपुरतंच.

वाचनकट्टा_बेळगाव

मंडळी, फार मोलाची माहिती. घाटमाथाजी, दोन फेऱ्यांचं पटलं, तसंच करतो. आता वाटा आणि दवाखाना याबद्दल कोणी सांगेल का? आणि भीमगड अभयारण्य, पुनर्वसन यावर लिहिताना काय काळजी घ्यावी?

हलात्री_पलीकडे

वाटेचं अंतर किलोमीटरमध्ये लिहिलंत तर ते खोटं ठरेल. तीच वाट मार्चमध्ये जीपची असते, जूनमध्ये पायवाट होते, आणि नाला भरला की नसतेच. "गाव ते डांबरी रस्ता" याचे तीन रकाने करा: उन्हाळ्यात किती वेळ, पावसाळ्यात किती वेळ, आणि वर्षातले साधारण किती दिवस बंद. मोठ्या रस्त्यांनाही हे लागू आहे. हलात्री नाल्याला पूर आला की खानापूर-हेम्माडगा वाहतूक थांबते आणि त्यापुढची सगळी गावं एकदम तुटतात.

नाल्यांवरचे साकव स्वतः जाऊन पाहा. तीन-चार ओंडके टाकून वर आडव्या फळ्या किंवा बांबू बांधलेले असतात. साकव नुसत्या पाण्याने क्वचितच जातो. वाहून आलेली झाडं आणि पाचोळा त्याला अडकतो, मागे पाणी तुंबतं आणि तो दाब ओंडका उचलतो. म्हणून साकव नाल्याच्या अरुंद, खडकाळ जागी आणि मागच्या वर्षीच्या पूरखुणेच्या हातभर वर हवा. एक टोक दोराने काठावरच्या झाडाला बांधून ठेवलं तर ओंडका निदान वाहून जात नाही. तो दर वर्षी कोण बांधतं, श्रमदानातून की पंचायतीच्या पैशातून, हे लिहा. तुम्ही स्वतः पावसात जाणार असाल तर पाणी गढूळ होऊन काटक्या येऊ लागल्या की उतरू नका. वर पाऊस झालेला असतो आणि काही मिनिटांत पाणी चढतं. गुडघ्याच्या वर पाणी असेल तर काठावर थांबायचं, कितीही घाई असली तरी.

आजारी माणसाचं. जुलै 2024 मध्ये आमगावच्या एका आजारी महिलेला लाकडी स्ट्रेचरवर घालून गावकऱ्यांनी भर पावसात जंगलातून सुमारे पाच किलोमीटर आणलं, ती बातमी सगळीकडे आली. त्या बातमीने तरी लोकांचं लक्ष गेलं. पण असं उचलून आणणं या गावांना नवीन नाही, हे पुस्तिकेत स्पष्ट यावं. खांद्यावरून न्यायला सात-आठ फुटांचे दोन बांबू, मध्ये घोंगडी किंवा फळी, वर प्लास्टिक. एका वेळी चौघं, आणि बदलीला किमान चौघं. चिखलात पाच किलोमीटरला दोन तास सहज जातात. 108 ला फोन गावातून लागतोच असं नाही. रेंज मिळते ती ठरावीक टेकाडावर, आणि ती जागा गावात सगळ्यांना माहीत असते. नकाशावर ती जरूर दाखवा. रुग्णाला उचलण्याआधी एका माणसाने तिथे जाऊन फोन करायचा, म्हणजे गाडी रस्त्यावर वेळेत येऊन उभी राहते.

गरोदर बायकांना पावसाळ्यात तारखेच्या दोन-तीन आठवडे आधी खानापूरला किंवा जांबोटीकडे नातेवाइकांकडे ठेवतात. आशाताईंकडे याची नोंद असते. त्यांना विचाराल तर आकडा मिळेल, नावं मात्र छापू नका. सर्पदंशाबद्दल एक चौकट द्याच: माणसाला चालू द्यायचं नाही, दंशाचा हात किंवा पाय फळी बांधून स्थिर ठेवायचा, कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. लस असलेल्या दवाखान्यात आधी फोन करून मग निघायचं. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर आहे. इथल्या झाडीत चापडाही असतो, त्यावर ती चालत नाही. म्हणून जमलं तर दुरून सापाचा फोटो घ्यावा. साप मारायला कोणी थांबू नये, त्यात वेळ जातो आणि दुसऱ्याला दंश होण्याची भीती असते.

कायद्याची_वाट

अभयारण्यावर थोडं. भीमगड अभयारण्य डिसेंबर 2011 मध्ये जाहीर झालं, क्षेत्र 190.42 चौरस किलोमीटर. आमगाव, गवाळी, कोंगळा, पास्टोली, तळेवाडी, कृष्णापूर, देगाव ही गावं त्या परिसरातली. रस्ता डांबरी का होत नाही, याचं उत्तर एका ओळीत देऊ नका. वनजमिनीवर रस्ता किंवा वीजवाहिनी न्यायला 1980 च्या वन संवर्धन कायद्याखाली परवानगी लागते. अभयारण्यात त्यावर वन्यजीव मंडळाची मंजुरीही लागते. त्यामुळे निधी आला तरी काम सुरू होत नाही. गावात जाऊन प्रस्तावाची तारीख आणि तो सध्या कोणत्या कार्यालयात आहे, एवढंच नोंदवा.

2006 च्या वनहक्क कायद्यात अनुसूचित जमाती सोडून इतरांना 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. गवळी धनगरांच्या वाड्या गुरांबरोबर जागा बदलत राहिल्या, त्यांच्याकडे कागद कुठला असणार? दावे बहुतेक इथेच अडतात. ग्रामसभेच्या ठरावासोबत गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब, जुनी देवस्थानं, विहिरी, स्मशानभूमी हेही पुरावे म्हणून चालतात. तुमच्या पुस्तिकेत या जागा तारखेसह नकाशावर आल्या तर पुढे गावाला त्याचा उपयोग होईल. एवढ्याच कारणासाठी नकाशा नीट करा.

पुनर्वसन ऐच्छिक असतं. तळेवाडीच्या 27 कुटुंबांना 2025 मध्ये प्रत्येकी पंधरा लाखांपैकी दहा लाखांचा पहिला हप्ता मिळाला. "गाव हलायला तयार" असं सरसकट लिहू नका. एकाच घरात मुलगा तयार असतो, आई नसते. जमीन नसलेल्या कुटुंबाचं गणित आणखी वेगळं. घरागणिक विचारा, आणि बायकांना पुरुषांपासून वेगळं बसवून विचारा.

शेवटचं म्हणजे कृष्णापूर-तळेवाडी भागातल्या बारापेडे गुहांची नेमकी जागा छापू नका. राउटनचं वटवाघूळ ही दुर्मीळ जात. ते कित्येक वर्षं जगात फक्त तिथूनच माहीत होतं. विणीच्या काळात उजेड आणि माणसांची ये-जा झाली तर माद्या पिल्लं टाकून उडतात. गुहांचा उल्लेख करा, वाट देऊ नका. अभयारण्यात फिरण्यासाठी वन खात्याची लेखी परवानगी आधीच घ्या, आणि तिच्या दोन प्रती जवळ ठेवा, एक तपासणी नाक्यावर ठेवून घेतात.