एक्स वन की एक्स थ्री/जीएलसी? आपल्या इकडच्या सडकेवर फरक किती जाणवते?

हिंगणघाट_जिनिंग
नमस्कार मंडळी. हिंगणघाट तालुक्यातला आहो, घरची जिनिंग आहे. सध्याची क्रेटा डिझेल सव्वा लाख किमी झाली, तक्रार काही नाही, पण बाबांच्या कमरेचं दुखणं वाढलं आणि महिन्यातून दोन-तीनदा त्यांना नागपूरला दवाखान्यात न्यावं लागते, म्हणून आरामाची गाडी पाहून राहिलो. आधी ५० लाखाच्या आसपासची ठरली होती, म्हणजे बीएमडब्ल्यू एक्स वन, मर्सिडीज जीएलए नाहीतर ऑडी क्यू थ्री. आता मोठा भाऊ म्हणते का एकदाच घेऊन राहिलो तर थोडं ओढून बीएमडब्ल्यूचीच एक्स थ्री नाहीतर मर्सिडीजची जीएलसी घे, पण ते ७० च्या वर जाते. शोरूमवाल्यानं लहान-मोठी दोन्ही चालवायला दिल्या पण वर्धा रोडवर, तिथं सडक गुळगुळीत, मले दोन्ही सारख्याच वाटल्या. माझं निम्मं चालवणं हायवेवर अन् निम्मं गावाकडच्या सिंगल रोडवर, दिवाळीनंतर तर कापसाच्या बैलगाड्यांच्या मागं मागं. ज्यांनी दोन्ही वापरल्या त्यांनी सांगा, फक्त नावाचा फरक आहे का खरंच काही आहे?

धामणगाव_रेल्वे
माझ्याकडं एक्स वन डिझेल आहे, दोन वर्षं झाली. चालवणारा तुम्ही असाल तर सांगतो भाऊ, लहानच मजा देते. वजनानं हलकी, स्टिअरिंग फिरवलं का लगेच वळते. परतवाड्यावरून चिखलदऱ्याचा घाट चढताना तर हाताखाली घट्ट वाटते, नाक जड वाटत नाही. १५० हॉर्सपॉवर कागदावर कमी दिसते पण ३६० एनएमचा टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, कमी वेगातच येते, ट्रक ओलांडायला कधी कमी पडली नाही. समृद्धीवर १२० च्या मर्यादेत आरामात चालते. फक्त सिमेंटच्या रोडवर टायरचा आवाज आत येते, मेहकर येईपर्यंत डोकं जड होते. आणि गावात अगदी हळू चालवताना, बैलगाडीमागं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, हलका झटका देते, ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे म्हणून. मले सवय झाली. मागं बसून मात्र मी कधी लांब गेलो नाही, तेव्हा बाबांचं मी सांगू शकत नाही.

वणी_कोलबेल्ट
मी आधी क्यू थ्री चालवली, आता जीएलसी डिझेल आहे. खरा फरक हॉर्सपॉवरमध्ये शोधू नका, व्हीलबेसमध्ये शोधा, म्हणजे पुढच्या अन् मागच्या चाकांमधल्या अंतरात. एक्स वनचा २६९२ मिमी, जीएलसीचा २८८८, म्हणजे जवळजवळ वीतभर. आता आपल्या इकडची सडक पाहा. खाली काळी माती, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडते, वरचं डांबर कितीही चांगलं टाका दोन वर्षांत लाटा येतातच. गड्डा एक वेळ दिसते, चुकवता येते, लाट दिसत नाही. लहान गाडी प्रत्येक लाटेवर नाक वर-खाली करते, चालवणाऱ्याले ते एवढं जाणवत नाही कारण स्टिअरिंग धरून असते, मागं बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या कमरेले पुरं जाणवते. लांब गाडी तीच लाट एका दमात पार करते. मी आईले वणीहून चंद्रपूरले नेतो तेव्हा ती आता झोपते, आधी कधीच झोपली नाही.
पण रुंदी विसरू नका. एक्स वन १८४५ मिमी, एक्स थ्री १९२०. सामोरून ट्रॅक्टर-ट्रॉली आली का एक बाजू साइडपट्टीवर उतरवावी लागते, आणि पावसाळ्यात ती पट्टी म्हणजे चिखल. एक्स थ्री आणि जीएलसीले चारही चाकांवर ताकद आहे म्हणून बाहेर निघून येते, आपल्याकडं मिळते ती एक्स वन समोरच्याच चाकांवर चालते. तरी वावरात कोणतीच नेऊ नका, त्याच्यासाठी बोलेरोच.

पुसद_गॅरेज
मेकॅनिक म्हणून दोन गोष्टी जोडतो. एक्स वन, जीएलए, क्यू थ्री तिघींचं इंजिन आडवं बसवलेलं, एक्स थ्री, क्यू फाइव्ह, जीएलसीत उभं. उभ्या इंजिनात वजन मागंपुढं जास्त सारखं वाटल्या जाते. (व्होल्वो एक्ससी सिक्स्टीचं इंजिन आडवंच आहे, तरी ती मोठ्यांतच धरा.) गिअरबॉक्स पण बघा, एक्स थ्री आणि जीएलसीत टॉर्क कन्व्हर्टर आहे, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा ऑटोमॅटिक, बैलगाडीमागं तो झटका येणार नाही.
आणि सगळ्यात महत्त्वाचं टायर. मोठी गाडी घेऊन हौसेनं २० इंची चाकं लावली का सगळा आराम गेला, साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची रबराची भिंत, कमी उंच होते, गचके सरळ आत येतात, गड्ड्यात अलॉय वाकते ते वेगळंच. लहान चाकाचा पर्याय असेल तर तोच घ्या. स्टेपनी येते का तेही विचारून घ्या. रात्री पांढरकवड्याच्या पुढं टायर गेला तर नागपूरचा माणूस येईपर्यंत सकाळ होते.
बजेट ओढायचं नसेल तर दोन-तीन वर्षं जुनी एक्स थ्री पाहा, नव्या एक्स वनच्या पैशात मिळू शकते. सर्व्हिसचे कागद पुरे पाहिजेत, त्याशिवाय हात लावू नका.

हिंगणघाट_जिनिंग
सगळ्यांचे आभार. तुमचं वाचून शोरूमवाल्यांना म्हटलं गाड्या घेऊन इकडंच या, नाहीतर राहू द्या. परवा आले. आमच्या गावचा १२ किमीचा रोड, तीन पुलिया, बाबांना मागं बसवलं, आधी एक्स वन मग जीएलसी, दोन्हीत मी ५० वरच चालवली. एक्स वनमध्ये पहिल्या पुलियापासून बाबांनी वरचं हँडल धरलं ते परत येईपर्यंत सोडलं नाही. जीएलसीत पहिल्या पुलियाले धरलं, दुसऱ्याले हात मांडीवर होता. तोंडानं काही बोलले नाही, घरी आल्यावर आईले म्हणाले, दुसरी बरी.
चालवायले मले एक्स वनच आवडली हे पण सांगतो, वळणावर काय चिकटून जाते ती. पण गाडी बाबांसाठी आहे. जीएलसी डिझेलच्या बुकिंगचं बोलणं चालू आहे, चाकं आणि स्टेपनीचं लिहून मागितलं. फाटकाची रुंदी मोजली, आरसे उघडे ठेवून दोन्हीकडून वीत-वीत जागा राहते.

वणी_कोलबेल्ट
आरसे मिटून आत घालत जा भाऊ, वीतभर जागा रात्रीच्या अंधारात बोटभर वाटते.