मदत हवी आहे : पार्सलच्या नावाने आलेला फोन, आता पुढे काय करू?

नमस्कार मंडळी. सासूबाईंना गेल्या आठवड्यात इंडिया पोस्टच्या नावाने मेसेज आला होता: पत्ता अपुरा आहे, १२ तासांत लिंकवर दुरुस्त करा, नाहीतर पार्सल परत जाईल. लिंक भलत्याच साइटची. ही तऱ्हा आता जुनी झाली. पत्ता भरला की किरकोळ शुल्क मागतात आणि कार्डाचा तपशील काढून घेतात. तो मेसेज उडवला.

काल मात्र फोन आला. "कुरिअरमधून बोलतोय, घर सापडत नाही, हा नंबर लावा, डिलिव्हरीवाल्याशी बोलणं होईल." नंबर *२१* ने सुरू होणारा, पुढे दहा आकडे. म्हणजे चक्क कॉल फॉरवर्डिंग, आपल्याला येणारे फोन दुसऱ्या नंबरवर वळवणं! ओटीपी सांगणारा बँकेचा फोन, व्हॉट्सॲपचा कोड सांगणारा कॉल, सगळं परस्पर त्या भामट्याकडे. नणंदेने साडी खरंच पाठवली होती, त्यामुळे सासूबाईंना संशय कसा यावा? नंबर लावला की नाही, हेही त्यांना नक्की आठवत नाही.

मी *#२१# ने तपासलं, ##००२# लावून सगळं फॉरवर्डिंग बंद केलं आणि व्हॉट्सॲपला पिन लावला. बँकेलाही कळवावं का? पैसे गेलेले नाहीत, म्हणून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनऐवजी दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू'वर (संशयास्पद फोन-मेसेज कळवण्याची सोय) तक्रार टाकतेय. कुणी टाकली असेल तर पुढे काही कळवतात का?

आणि न मागवलेलं कॅश ऑन डिलिव्हरी पार्सल आलं, तर वॉचमनने परस्पर पैसे देऊ नयेत यासाठी तुमच्या सोसायटीत काय नियम केलाय?