नोझिंजाने बास काढला, मग शांगान उरलं काय?

खर्जप्रेमी: दक्षिण आफ्रिकेच्या नोझिंजा या संगीतकाराला ‘आफ्रिकन वारसा आणि उद्याचा नाच’ म्हणत लोक डोक्यावर घेतात. मला नाही पटत. शांगान, म्हणजे तिथल्या त्सोंगा लोकांच्या संगीतात गिटार होती, बास म्हणजे खालचा खर्ज सूर होता, ऐकणाऱ्याला सवड होती. या गड्याने बास उडवला, मारिम्बा या लाकडी पट्ट्यांच्या वाद्यासारखी टणटण कीबोर्डवर आणली आणि लय नेली मिनिटाला 180 ठोक्यांच्या आसपास. हाऊस हे क्लबातलं नाचाचं संगीतसुद्धा साधारण 120-125 वर चालतं. हा वारसा म्हणायचा की फास्ट फॉरवर्ड केलेली कॅसेट?

ताशेवाला: बसून ऐकलंत, तिथेच चुकलं. त्सोंगांच्या शिबेलानी नाचात बायका कमरेला जाड घेरदार घागरा बांधतात आणि सगळी करामत कंबर हलवण्याची. नाचणाऱ्यांना वेग हवा होता, यानं दिला. त्याच्या गाण्यांवर नाचणारे त्शेत्शा बॉइज विदूषकाचे मुखवटे आणि नारिंगी बॉयलर सूट घालून नाचतात, ते बघा. मग सांगा बास आठवला का.

खर्जप्रेमी: बघितलं. मलाच धाप लागली! पण जगाला हे कळलं कधी? 2010 मध्ये लंडनच्या ऑनेस्ट जॉन्स या रेकॉर्ड कंपनीने अशा गाण्यांचं संकलन काढलं तेव्हा. नोझिंजाचा 2015 चा अल्बमही इंग्लंडच्या वॉर्प कंपनीकडूनच. तिकडचा शिक्का बसला की ‘भविष्य’, तोवर लिंपोपो प्रांताची गावठी सीडी.

आडवी_रेघ: शिक्क्याचं खरं आहे. पण हा माणूस मोबाइल दुरुस्तीच्या धंद्यातून आला, जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोत घरीच स्टुडिओ थाटला. पहिलं गिऱ्हाईक त्याचीच माणसं, लंडन नंतर. आणि 1986 मध्ये अमेरिकन गायक पॉल सायमनने ‘ग्रेसलँड’ अल्बममध्ये जनरल शिरिंडा आणि गाझा सिस्टर्स या शांगान कलाकारांना घेतलं, तेव्हा ज्या विजेच्या गिटारला सगळे अस्सल म्हणाले, ती कुठल्या पणजोबांची होती?

खर्जप्रेमी: गिटारीचा टोला बसला. तरी लाकडी मारिम्बाचा घुमारा कीबोर्डात नाही म्हणजे नाही.

नकाशे: खर्जप्रेमी, तुम्ही ‘शांगान’ शब्द बिनधास्त वापरताय. तो आला सोशांगाने या एकोणिसाव्या शतकातल्या न्गुनी सेनानीवरून, ज्याने त्सोंगांचा मुलूख जिंकला. आजही कित्येक त्सोंगांना हे नाव खपत नाही. पुढे वर्णभेदी सरकारने त्सोंगांसाठी गाझांकुलू नावाचा वेगळा तुकडा आखला, गियानी राजधानी केली. इतक्या फाळण्यांतून आलेल्या गोष्टीचा ‘मूळ’ आवाज कुठल्या सालचा धरायचा?

ताशेवाला: खर्जप्रेमी, बोला!

खर्जप्रेमी: साल नाही सांगता येत. पण काल स्पीकरचं बासचं बटण पूर्ण फिरवून बघितलं. खाली काही नाहीच हो.