मदत हवी आहे : अनेक कलाकारांना मिळून एकच नामांकन

इंदूरमधील आमच्या मराठी नाट्यवाचन गटासाठी मी नाट्यपुरस्कारांवरील प्रश्नमंजूषा तयार करत आहे. अमेरिकेतील ब्रॉडवे रंगभूमीच्या टोनी पुरस्कारांत १९६० साली ‘द साउंड ऑफ म्युझिक’ या संगीतनाटकातील सातही मुलांना मिळून एकच नामांकन मिळाले आणि त्यांत दोन मुलगे असूनही ते सहायक अभिनेत्रीच्या विभागात होते, हे मला फार विलक्षण वाटते. तसेच २००९ मध्ये ‘बिली एलियट’ या संगीतनाटकात बिलीची भूमिका आळीपाळीने करणाऱ्या तिघांना अभिनेत्याचा पुरस्कार एकत्रित मिळाला. मराठीतील उदाहरणासाठी जुन्या स्मरणिका चाळल्या, परंतु त्यांत केवळ विजेत्यांची नावे आहेत. निरनिराळ्या नाटकांतील कलाकारांना विभागून दिलेली पारितोषिके नकोत. महाराष्ट्र राज्य नाट्य स्पर्धेत किंवा व्यावसायिक नाटकांच्या पुरस्कारांत असे एकत्रित नामांकन अथवा पारितोषिक मिळाल्याची, वर्षासह छापील नोंद कोणाच्या पाहण्यात आहे का?